वाटसरूचा हक्क आणि खाडीपलीकडची वसई

रमजान महिन्यात मुस्लिम घरांत एक हिशेब हमखास मांडला जातो. वर्षभर शिल्लक राहिलेली रक्कम, सोने-चांदी, दुकानातला माल यांची बेरीज होते आणि त्यातून अडीच टक्के जकात काढली जाते. ही जकात कोणाला द्यायची, हे देणाऱ्याच्या मर्जीवर सोडलेले नाही. पवित्र कुरआनच्या सूरह तौबामध्ये तिचे आठ हक्कदार सांगितले आहेत. गरीब आहेत, गरजू आहेत, कर्जात बुडालेले आहेत. या यादीत सर्वांत शेवटी येतो तो ‘इब्नुस्सबील’. शब्दाचा सरळ अर्थ ‘वाटेचा मुलगा’. म्हणजेच वाटसरू, प्रवासी.

वाटसरूचे नाव या यादीत का असावे, असा प्रश्न अनेकांना पडतो. धर्मपंडितांनी त्याचे उत्तर असे दिले आहे, की एखादा माणूस आपल्या गावी खाऊन-पिऊन सुखी असेल, पण परमुलखात वाटेतच अडकला, पैसा संपला, पुढे जाता येईना, तर त्या क्षणी तो गरजूच आहे. त्याची घरची श्रीमंती तिथे पाहायची नाही. तो अडला आहे, एवढेच पाहायचे. वाटेवरच्या माणसाला पुढे जाता यावे, ही समाजाची जबाबदारी आहे, असा या तरतुदीचा आशय.

आता ही जुनी गोष्ट आजच्या मीरा-भाईंदरमध्ये आणून पाहू. रमजानचे शेवटचे दिवस आले, की नयानगरच्या गल्ल्यांतून कपड्यांची, शेवयांची, अत्तराची खरेदी चालते आणि घरातली मुले एकच विचारतात, ‘ईदच्या दुसऱ्या दिवशी जायचे कुठे?’ ज्यांच्याकडे गाडी आहे त्यांना हा प्रश्न सोपा आहे. ज्यांच्याकडे नाही, त्यांची सहल लोकलच्या डब्यात, बसच्या रांगेत आणि रिक्षाच्या भाड्यात ठरते. सोबत आजी असते, कडेवर मूल असते, डबे आणि पाण्याच्या बाटल्यांची पिशवी असते. अशा कुटुंबासाठी आज एका ठिकाणाची वाट सांगायची आहे. हे ठिकाण आपल्या समोरच आहे, खाडीच्या पलीकडे. वसईचा किल्ला.

किल्ला म्हणजे एक अख्खे शहर

किल्ला म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर डोंगर येतो. वसईचा किल्ला तसा नाही. तो सपाट जमिनीवर, खाडी समुद्राला मिळते तिथे आहे आणि खऱ्या अर्थाने ते तटबंदीच्या आत वसवलेले शहर होते. सुमारे ११० एकर जागा, भोवती दगडी तट, तटाला बुरुज, जमिनीकडे एक मोठा दरवाजा आणि पाण्याकडे दुसरा. आत रस्ते, चौक, चर्च, मठ, इस्पितळ, अधिकाऱ्यांची घरे असे सर्व काही होते. आज छपरे गेली आहेत. भिंती, कमानी, जिने आणि मनोरे उरले आहेत. वडा-पिंपळाची मुळे दगडांत शिरली आहेत. तरीही चालत गेले, की कुठे रस्ता होता आणि कुठे चौक, हे अजून समजते.

या शहराचा पोर्तुगीज काळ बहुतेकांना ठाऊक असतो. त्याआधीचा अध्याय मात्र मागे पडतो. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला वसई गुजरातच्या सुलतानाच्या ताब्यात होती. सुलतान बहादूर शाहच्या काळात दीवचा सरदार मलिक अयाज याचा मुलगा मलिक तुघान याने इथे तटबंदीचे काम हाती घेतले. १५३३ मध्ये पोर्तुगीज गव्हर्नर नुनो द कुन्हा याने आरमार घेऊन वसईवर हल्ला केला आणि तुघानचा पराभव केला. पुढच्याच वर्षी बहादूर शाहवर उत्तरेकडून हुमायूनचे संकट आले. दोन आघाड्यांवर लढणे शक्य नव्हते. २३ डिसेंबर १५३४ रोजी त्याने तह करून वसई आणि तिच्याखालचा मुलूख पोर्तुगिजांना दिला. या तहावर सह्या झाल्या त्या ‘साओ मातेउस’ या जहाजावर. वसईचे भाग्य पाण्यावर ठरले, असे म्हणावे ते याच अर्थाने.

पुढची दोनशे वर्षे वसई हे पोर्तुगिजांच्या उत्तर प्रांताचे मुख्य ठिकाण होते. आपण राहतो तो मीरा-भाईंदरचा भाग साष्टी बेटाच्या उत्तर टोकाला आहे. साष्टीचा कारभारही वसईच्या अमलाखाली चाले. म्हणजे खाडीच्या या काठावरच्या माणसाला कज्जा असो वा कर, पलीकडे पाहावे लागे, आणि पलीकडे जायचे तर होडी. आपल्या हद्दीतला घोडबंदरचा किल्ला आणि उत्तनजवळच्या चौक येथील जंजिरे धारावी किल्ला याच खाडीशी बांधलेले आहेत. एक खाडीच्या आतल्या वळणावर आहे, दुसरा तिच्या तोंडाशी.

१७३७ मध्ये मराठ्यांची मोहीम सुरू झाली. ठाणे आणि साष्टी हाती आली, पण वसई लढत राहिली. चिमाजी अप्पांनी १७३९ च्या फेब्रुवारीपासून निकराचा वेढा दिला. धारावी घेतल्यावर खाडीचे तोंड मराठ्यांच्या हाती आले आणि वसईला समुद्रातून मिळणारी मदत तुटत गेली. शेवटी सेबेस्टियन बुरुजाच्या बाजूला सुरुंग उडाले, तट फुटला आणि मे १७३९ मध्ये किल्ला शरण आला. तहानंतर आतल्या पोर्तुगिजांना बायका-मुलांसह सुखरूप बाहेर पडू दिले गेले. जिंकलेल्याने हरलेल्याच्या कुटुंबाला वाट मोकळी करून द्यावी, ही गोष्ट आजही सांगण्यासारखी आहे. इथल्या चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी विजयाची खूण म्हणून नेल्या. नाशिकच्या नारोशंकर मंदिरात, मेणवलीत, भीमाशंकरला त्या आजही पाहायला मिळतात.

पुढे ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी तह केला तोही वसईतच. पेशवाईच्या शेवटाची सुरुवात म्हणून शाळेच्या पुस्तकात आपण तो वाचतो. परीक्षेत वर्ष लिहिणाऱ्या कितीतरी मुलांना हे ठिकाण आपल्या घरापासून किती जवळ आहे, याची कल्पना नसते.

पहिली वाट : लोकल

मीरा रोड किंवा भाईंदरहून विरारच्या दिशेची गाडी पकडावी. भाईंदरनंतर नायगाव आणि त्यानंतर वसई रोड. भाईंदर ते वसई रोड हे अंतर साधारण नऊ किलोमीटर. दहा-बारा मिनिटांचा प्रवास आणि मुंबईच्या लोकलचे सर्वांत स्वस्त तिकीट. मुलांना खिडकीशी उभे करण्यापेक्षा बसवून घ्यावे, कारण भाईंदर सुटले की खाडी लागते आणि सर्वांना एकाच वेळी बाहेर पाहायचे असते. मधे जे बेट दिसते ते पाणजू. तिथली माणसे अजूनही आपल्या रोजच्या कामांसाठी होडीवर अवलंबून असतात.

या लोहमार्गाचे वय मुलांना सांगण्यासारखे आहे. गुजरातच्या बाजूने येणारी बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे नोव्हेंबर १८६४ मध्ये ही खाडी ओलांडून ग्रँट रोडपर्यंत पोहोचली. १२ एप्रिल १८६७ पासून विरारहून मुंबईकडे रोजची लोकल धावू लागली. तेव्हा वसईचे नाव ‘बेसिन’ होते. गंमत म्हणजे स्थानकाचे नाव कधीच वसई रोड झाले, पण रेल्वेच्या यंत्रणेत त्याचा संकेत अजून ‘बीएसआर’च आहे. त्या तीन अक्षरांत जुने बेसिन रोड शिल्लक आहे.

नावातला ‘रोड’ हा शब्दही लक्षात ठेवावा. रेल्वेने जिथे जिथे गावाच्या नावापुढे रोड लावले, तिथे गाव स्टेशनपासून लांब आहे असे समजावे. जुनी वसई, म्हणजे वसई गाव, स्टेशनच्या पश्चिमेला आहे आणि किल्ला त्याच्याही पुढे. स्टेशनपासून किल्ला सहा-सात किलोमीटर. नवखा माणूस इथेच गोंधळतो. वसई रोडला उतरलो म्हणजे वसईला पोहोचलो, असे त्याला वाटते.

पश्चिमेला उतरून दोन पर्याय आहेत. एक, वसई-विरार महापालिकेच्या परिवहन सेवेची बस. वसई गाव, पाचूबंदर, किल्लाबंदर या बाजूची पाटी पाहावी आणि चढण्याआधी वाहकाला ‘किल्ल्याला जाते का’ असे विचारून घ्यावे. दुसरा पर्याय शेअर रिक्षाचा. बहुतेक शेअर रिक्षा पारनाक्यापर्यंत जातात. पारनाका ओलांडला की जुनी वसई सुरू होते. उतरत्या छपरांची घरे, वाड्या, चर्चचे मनोरे, मशिदीचा मिनार आणि मंदिराचा कळस थोड्या थोड्या अंतरावर दिसतात. तिथून दुसरी रिक्षा करावी. पाय साथ देत असतील आणि ऊन उतरले असेल, तर चालतही जाता येते.

दुसरी वाट : पाण्यावरची

दुसरी वाट जुनी आहे आणि नवीही. २० फेब्रुवारी २०२४ पासून भाईंदर पश्चिम आणि वसई यांच्यामध्ये रो-रो सेवा सुरू झाली. रो-रो म्हणजे वाहन सरळ चालवत बोटीवर चढवायचे आणि पलीकडे चालवतच उतरवायचे. पण ती केवळ गाडीवाल्यांसाठी नाही. पायी येणारा प्रवासीही तिकीट काढून चढू शकतो. रस्त्याने भाईंदरहून वसईला जायचे तर घोडबंदर, वरसावे पूल आणि महामार्ग असा तीस किलोमीटरहून मोठा वळसा पडतो. पाण्यावरून हेच अंतर साधारण साडेतीन किलोमीटर आहे. पंधरा-वीस मिनिटांत पलीकडचा धक्का येतो, आणि तो धक्का किल्ल्याला लागूनच आहे.

म्हणजे रेल्वेने गेलात तर जमिनीकडच्या दरवाजाने शहरात शिरता, आणि बोटीने गेलात तर समुद्राकडच्या बाजूने. पोर्तुगिजांचा माल, शिपाई, पाद्री, व्यापारी याच बाजूने येत होते. तटाच्या आतल्या माणसाला जगाशी जोडणारी वाट पाण्याची होती. मधल्या काळात लोहमार्गाने आणि महामार्गाने तिला मागे टाकले. आता भाईंदरच्या कुटुंबासाठी ती वाट पुन्हा उघडली आहे.

बोटीचा आणखी एक फायदा आहे आणि तो आजी-आजोबांना कळेल. गाड्या चढण्यासाठी बोटीला सपाट उतार असतो. स्टेशनचा पूल चढावा लागत नाही, डब्यात शिरताना धक्काबुक्की नाही. गुडघे दुखणारी व्यक्ती, चाकाची खुर्ची, लहान मुलाची गाडी यांना त्याच उताराने जाता येते. मात्र निघण्यापूर्वी त्या दिवसाचे वेळापत्रक पाहून घ्यावे. खाडीवर भरती-ओहोटीचे राज्य असते, आणि पावसाळ्यात पाण्याचा नूर वेगळा असतो. परतीची शेवटची फेरी किती वाजता, हे जातानाच विचारून ठेवावे. जाताना बोट आणि येताना लोकल, असाही बेत छान जमतो. दोन्ही दरवाजे पाहून होतात.

आत गेल्यावर

किल्ला पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. आत शिरायला तिकीट लागत नाही. एक रस्ता किल्ल्याच्या मधून जातो आणि किल्लाबंदर या मच्छीमारांच्या गावाकडे निघतो. या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाहण्यासारख्या जागा विखुरलेल्या आहेत. फ्रान्सिस्कन मठाच्या चर्चमध्ये फरशीवर कोरीव थडग्यांचे दगड आहेत. त्यांवरून चालताना जपून चालावे, ती कोणाच्या तरी कबरीची पाटी आहे. सेंट जोसेफच्या चर्चचा मनोरा लांबून दिसतो. आतला बालेकिल्ला वेगळा पाहावा. त्याच्या प्रवेशद्वारावर पोर्तुगीज राजचिन्ह कोरलेले आहे.

येशू संघाच्या चर्चचे नाव आज गोन्सालो गार्सिया या वसईच्याच सुपुत्राशी जोडले गेले आहे. तो इथे जन्मला, जपानपर्यंत गेला आणि १५९७ मध्ये नागासाकी इथे त्याला क्रुसावर मारण्यात आले. १८६२ मध्ये चर्चने त्याला संतपद दिले. किल्ल्यातच नागेश्वराचे आणि वज्रेश्वरीचे मंदिर आहे, चिमाजी अप्पांचे स्मारक आहे. एका तटाच्या आत गुजरातच्या सुलतानाच्या सरदाराने घातलेला पाया, पोर्तुगिजांची चर्च आणि मराठ्यांची देवळे आहेत. इथे कोणी पर्यटक म्हणून येतो, कोणी नवस फेडायला, आणि कोणी मासळीची टोपली घेऊन रोजच्या वाटेने जातो.

कुरआनमध्ये अनेक ठिकाणी माणसाला धरतीवर फिरायला आणि आपल्याआधी होऊन गेलेल्यांचे काय झाले ते पाहायला सांगितले आहे. या सांगण्याचा हेतू माणसाचा ताठा उतरावा, हा आहे. वसईच्या छप्पर उडालेल्या वाड्यांत उभे राहिले, की तो हेतू वेगळा समजावून सांगावा लागत नाही. मुलांना भिंतींवर नाव कोरू देऊ नये, खाल्लेल्याचा कचरा परत पिशवीत घालून आणावा, पडक्या जिन्यांवर चढू नये आणि अंधार पडण्याआधी बाहेर पडावे, एवढी काळजी पुरेशी आहे.

रोजा आणि प्रवास

रमजानमध्येच जायचे झाले, तर एक प्रश्न हमखास विचारला जातो. प्रवाशाला रोजा न ठेवण्याची सवलत आहे ना? सवलत आहे, आणि सुटलेले रोजे नंतर पूर्ण करायचे आहेत. पण ही सवलत लांबच्या प्रवासासाठी आहे. हनफी मताचे उलेमा साधारण ७७-७८ किलोमीटरचे अंतर सांगतात. कोकणी मुस्लिम बहुतांशी शाफई मताचे आहेत आणि त्यांच्याकडेही अंतर साधारण ऐंशी किलोमीटरच्या घरात जाते. भाईंदर-वसई या हिशेबात बसत नाही. तेव्हा रोजेदाराने फजरच्या नमाजनंतर लवकर निघावे, ऊन चढायच्या आत फिरून घ्यावे आणि दुपारी घरी परतावे. उन्हाच्या दिवसांत पाण्याविना तटावर फिरणे शहाणपणाचे नाही. आजारी माणसासाठी वेगळी सवलत आहे, ती आपल्या इमामांना विचारून घ्यावी. लहान मुलांसह निवांत जायचे असेल, तर ईदनंतरचा दिवसच बरा.

परतताना वसईच्या बाजारातून केळी जरूर आणावीत. वसईच्या वाड्या केळीसाठी पिढ्यान्‌पिढ्या नावाजलेल्या आहेत आणि राजेळी केळ्यांची सुकेळी हा तर इथला खास मेवा. आपल्या इफ्तारच्या ताटात खजुराशेजारी केळ्याचे काप असतातच. ती केळी कोणत्या मातीत पिकतात, हे एकदा मुलांनी पाहावे.

ही बस आणखी कोणाची आहे

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. गाडी असताना बसने किंवा बोटीने का जावे? पैसे वाचतात हे खरे, पण त्याहून मोठे कारण आहे.

वसई गावाकडून किल्ल्याच्या दिशेने जाणारी बस सहलीसाठी सुरू झालेली नाही. ती किल्लाबंदर आणि पाचूबंदरच्या लोकांची रोजची बस आहे. पहाटे मासळी घेऊन बाजाराला निघालेली कोळीण, कॉलेजला जाणारी मुलगी, दवाखान्यात तारीख असलेले आजोबा, स्टेशनजवळच्या दुकानात नोकरी करणारा तरुण, हे या बसचे खरे मालक. आपण वर्षातून एकदा जातो, ते रोज जातात. आपल्याला बस मिळाली नाही तर आपण रिक्षा करतो आणि थोडे कुरकुरतो. त्यांना बस मिळाली नाही, तर दिवसाचा रोज बुडतो किंवा पहिला तास चुकतो.

बसचे गणित साधे आहे. ज्या मार्गावर तिकिटे कमी फाटतात, त्या मार्गावरच्या फेऱ्या आधी कमी होतात. फेऱ्या कमी झाल्या की थांब्यावर ताटकळणे वाढते. ताटकळून कंटाळलेला माणूस हप्त्यावर दुचाकी घेतो. मग तिकिटे आणखी कमी होतात. या फेऱ्यात शेवटी थांब्यावर उरतो तो, ज्याला दुचाकी घेताच येत नाही. म्हातारा माणूस, शाळकरी पोर, डोक्यावर टोपली असलेली बाई. बोटीचेही तसेच आहे. पायी चढणारे प्रवासी दिसले, तर त्यांच्या वेळा आणि सोयी पाहिल्या जातील. बोटीवर सगळ्या मोटारीच दिसल्या, तर ती हळूहळू मोटारींसाठीच उरेल.

म्हणून सुट्टीच्या दिवशी चार कुटुंबे बसने किल्ल्यावर गेली, तर ती चार कुटुंबे त्या कोळणीची बस टिकवायला थोडा हातभार लावतात. आपण काढलेले तिकीट दुसऱ्या वाटसरूच्या वाटेला लागते. याला जकात म्हणता येणार नाही, जकातीचे नियम वेगळे आहेत. पण वाटसरूच्या हक्कामागची जी भावना आहे, तिच्या हे जवळचे आहे, असे मला वाटते.

अर्थात सर्व भार प्रवाशावर टाकून चालणार नाही. मीरा-भाईंदर ठाणे जिल्ह्यात, वसई २०१४ पासून पालघर जिल्ह्यात. इकडे एक महापालिका, तिकडे दुसरी. दोघांच्या बस वेगळ्या, मधे रेल्वे आणि बोट वेगळ्या यंत्रणांची. पोलिसांसाठी मात्र २०२० मध्ये खाडीच्या दोन्ही काठांचे मिळून एकच आयुक्तालय झाले. कायदा-सुव्यवस्थेसाठी खाडी अडथळा वाटली नाही, तर प्रवाशासाठी का वाटावी? मागण्या मोठ्या नाहीत. बोट धक्क्याला लागते त्या वेळी दोन्ही काठांवर बस उभी असावी. स्टेशनबाहेर मराठीत मोठ्या अक्षरांत ‘किल्ल्याकडे’ असा बाण आणि बसचे क्रमांक असावेत. थांब्यावर सावली आणि बाक असावा. धक्क्याजवळ आणि किल्ल्याजवळ पिण्याचे पाणी आणि स्त्रियांसाठी स्वच्छ स्वच्छतागृह असावे. खाडीवरच्या नव्या रस्तापुलाची चर्चा वर्षानुवर्षे ऐकतो आहोत. तो होईल तेव्हा होवो. पण त्यावरून बसही धावणार आहे, हे आराखड्यातच ठरलेले असावे.

वसईचा तट ज्या काळात उभा राहिला, त्या काळात शहराचा दरवाजा कोणासाठी उघडायचा आणि कोणासाठी नाही, हे पहारेकरी ठरवीत असे. आज त्या दरवाजावर पहारा नाही, कोणालाही आत जाता येते. तरीही एखादी आजी खाडीच्या या काठावरून पलीकडे पाहत म्हणत असेल, ‘एवढ्या लांब मी कशी जाऊ?’, तर तिच्यासाठी तो दरवाजा बंदच आहे.

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी ईमानच्या, म्हणजे श्रद्धेच्या, अनेक शाखा सांगितल्या. त्यांतली सर्वांत लहान शाखा म्हणजे रस्त्यात त्रास देणारी वस्तू बाजूला करणे. काटा असो, दगड असो. सर्वांत लहान असली तरी ती श्रद्धेचीच शाखा आहे. मशिदीच्या वाटेवरचा काटा आपण उचलतो. बसथांब्याच्या वाटेवरचे काटेही त्यातच मोजायला हरकत नाही. या ईदला शेजारच्या एखाद्या कुटुंबाला, मग ते कोणत्याही धर्माचे असो, सोबत घेऊन निघा. तिकीट काढा, आजींना खिडकीजवळची जागा द्या, आणि थांब्यावर उभ्या असलेल्या कोळीणबाईंची टोपली वर चढवायला हात द्या. वसई फार लांब नाही.